मेहुणे तासन्‌तास तळघरात काडतुसं भरत बसतात. तिथे नेमकं चालतं तरी काय?

तुमचा प्रश्न बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, "उत्तर मी लिहू का?" म्हणून घाईघाईने मीच लिहायला बसलोय.

तुम्ही तपशिलात लिहिलंय की मेहुणे पेनसिल्व्हेनियात असतात, शनिवार-रविवार तळघरात काडतुसं भरतात, बहीण वैतागलीय, आणि तुम्ही पुढच्या महिन्यात दोन लहान मुलांना घेऊन तिकडे जाताय. यात पैसे वाचतात का आणि घरात धोका आहे का, हे तुम्हाला हवंय. मी शेजारच्या ओहायोत असतो आणि नऊ वर्षं हाच उद्योग करतोय. मूळचा खडकीचा. 1869 पासून जिथे दारूगोळ्याचा कारखाना आहे, त्या गावात वाढलो. पण काडतूस हातात धरलं ते इकडे आल्यावरच.

आधी थोडक्यात कृती. काडतुसात चार गोष्टी असतात: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेला चिमुकला प्रायमर (घोड्याचा ठोका बसला की ठिणगी देणारी टिकली), आत दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की दारू आणि गोळी जाते, प्रायमर निकामी होतो, पुंगळी उरते. आणि चौघांत टिकाऊ तीच. रीलोडिंग म्हणजे ती पुंगळी पुन्हा वापरणं. जुना प्रायमर ठोकून काढायचा, बाराच्या दाबाने फुगलेली पुंगळी साच्यात दाबून मूळ मापावर आणायची, नवा प्रायमर बसवायचा, दारू मोजून घालायची, वर गोळी बसवायची. त्यासाठी टेबलाला बोल्टने आवळलेला हातदांड्याचा एक प्रेस असतो. स्वतःच्या वापरापुरतं भरायला इथे केंद्राचा परवाना लागत नाही, विकायला मात्र लागतो. (भारतात 1959 च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय हे करता येत नाही. मेहुण्यांकडून शिकून येऊन पुण्यात गॅलरीत मांडायचा विचार असेल तर सोडून द्या.)

यात शंभर काडतुसं भरायला मला दीड तास लागतो. मग बाकीचे तास कुठे जातात? खुडबुडीत. बहिणीला जे दिसत नाही ते हेच.

माझं टेबल म्हणजे कुणीतरी फेकून दिलेला भरीव लाकडी दरवाजा. प्रेसचा दांडा जोराने ओढला की अख्खं टेबल पुढून उचललं जायचं, म्हणून आधी ते भिंतीला जखडलं. मग दांडा गुडघ्याला लागायला लागला, म्हणून प्रेसखाली चार इंचांचा ठोकळा. जुने प्रायमर प्रेसमधून टिकटिक उडून जमिनीवर पसरायचे आणि अनवाणी पायाला टोचायचे, म्हणून खाली प्लास्टिकची नळी जोडून ती लोणच्याच्या रिकाम्या बरणीत सोडली. ती बरणी अर्थातच स्वयंपाकघरातून कायमची हद्दपार झाली. मागच्या हिवाळ्यात थ्रीडी प्रिंटर घेतला. पहिल्या महिन्यात पुंगळ्या उभ्या ठेवायचे अकरा ट्रे छापले. त्यातले चार कामाचे निघाले.

सगळ्यात उपयोगी ठरली ती आठ-दहा डॉलरची एलईडी पट्टी. मी मुख्यतः .38 स्पेशल भरतो. हे रिव्हॉल्व्हरचं काडतूस 1898 च्या सुमाराचं, काळ्या दारूच्या काळातलं. काळी दारू भरपूर लागायची, म्हणून पुंगळी लांबडी. आजची धूरविरहित दारू त्या मानाने चिमूटभर पुरते, त्यामुळे पुंगळी निम्म्याहून जास्त रिकामीच राहते. चुकून एकाच पुंगळीत दोनदा दारू पडली तरी ती बाहेर सांडत नाही, काही कळत नाही, आणि तो बार हातात पिस्तूल फोडू शकतो. उलट दारू घालायचीच राहिली तर नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत मध्येच अडकते. ते न कळता मागून दुसरा बार काढला तरी तीच गत. म्हणून गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत डोकावून बघायचंच. ती पट्टी लागेपर्यंत मी 'बघत' होतो म्हणजे काळोखात अंदाज करत होतो.

तसंच वजनकाट्याचं. दारू 'ग्रेन'मध्ये मोजतात. एका पौंडात 7000 ग्रेन, म्हणजे एक ग्रेन आपल्या सराफी गुंजेच्या जेमतेम अर्ध्याएवढा, आणि काटा त्याचाही दहावा भाग दाखवतो. तळघरात हीटरचा पंखा सुरू झाला की आकडे नाचायला लागायचे. लहानपणी लक्ष्मी रोडला सराफाच्या दुकानात काटा काचेच्या पेटीत का असतो हे मला कळायचं नाही. चाळिशीत कळलं. फोटोफ्रेमच्या काचा चिकटवून तशी पेटी केली आणि आकडे गप्प बसले. (त्या शनिवारी आईचा फोन आला, काय करतोयस म्हणाली. "दारू मोजतोय." पुढचं सांगत नाही.)

आता धुणं. काळवंडलेल्या पुंगळ्या पाण्यात, भांड्यांच्या साबणात आणि स्टीलच्या बारीक काड्यांसोबत दोन-तीन तास एका फिरत्या पिंपात घोळवायच्या, त्यात चिमूटभर लिंबूसत्त्व. आजी पितळेची भांडी चिंचेने घासायची, त्याच तत्त्वावर हे. पण पहिल्या खेपेला मी उत्साहाने दोन चमचे घातलं, तर पुंगळ्या सोनेरीऐवजी गुलाबी होऊन बाहेर आल्या. पितळ म्हणजे साधारण 70 टक्के तांबं, 30 टक्के जस्त. आम्ल जास्त झालं की पृष्ठभागावरचं जस्त जातं आणि तांबं उघडं पडतं. मन घट्ट करून सगळ्या भंगारात टाकल्या. उन्हाळ्यात धुतलेल्या पुंगळ्या जुन्या पंचावर कुरडयांसारख्या वाळत घालतो. शेजारची आजी एकदा कुंपणावरून वाकून बघत होती.

एकदा मी काच पुसायचा निळा स्प्रे घेऊन पुंगळ्या चमकवायला निघालो होतो. नेमबाजीच्या रेंजवरच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने हातातून बाटलीच काढून घेतली. त्यात अमोनिया असतो, आणि अमोनिया म्हणजे पितळेचा काळ. याचा शोध लागण्यामागे आपलाच पावसाळा आहे. ब्रिटिश लष्कराची काडतुसं हिंदुस्थानात घोड्यांच्या तबेल्यांत साठवलेली असायची आणि पावसाळ्यात आपोआप तडकायची, म्हणून त्या दोषाला 'सीझन क्रॅकिंग' म्हणजे मोसमी तडकणं असंच नाव पडलं. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि ओढून घडवताना पितळेत राहिलेला ताण, हे त्रिकूट त्यामागे आहे हा उलगडा 1921 मध्ये झाला.

ताण घालवायचा उपाय आमच्या कसब्यातल्या तांबट आळीला पूर्वीपासून ठाऊक. ठोकून ठोकून भांडं कडक झालं की तांबट ते तापवून मऊ करतो आणि परत ठोकायला घेतो. पुंगळीची मानही दर खेपेला दाबून-फुगून कडक होते आणि शेवटी चिरते. म्हणून रायफलीच्या पुंगळ्यांची फक्त मान काही सेकंद ज्योतीवर धरतात. बूड कधीच तापवायचं नाही, ते मऊ झालं तर बाराचा दाब पेलणार नाही. ज्योतीसमोर पुंगळी सारख्या वेगाने फिरावी म्हणून मी जुन्या मिक्सरची मोटर लावून एक यंत्र करायला घेतलंय. दोन वर्षं झाली. बायको त्याला 'ताजमहाल' म्हणते.

इतकी सगळी खुडबुड, पण दारूच्या मापात एका कणाचीही नाही. माप छापील मॅन्युअलमधलं, तिथल्या खालच्या आकड्यापासून सुरुवात, आणि टेबलावर एका वेळी दारूची एकच बाटली. तरी एकदा माझी चूक झालीच. मोजणीच्या नळकांड्यात दारू तशीच ठेवून फोन घ्यायला वर गेलो आणि परत आलो तो पुढच्या शनिवारी. कपाटात दोन बाटल्या, दोन्हींतली दारू करड्या चकत्यांची, दिसायला सख्ख्या बहिणी. नळकांड्यात कोणती? आठवत होतं, पण शपथेवर सांगता येत नव्हतं. ती सगळी अंगणातल्या गवतावर पातळ पसरून टाकली.

धोक्याचं म्हणाल तर लोकांना दारूच्या स्फोटाची भीती वाटते, ती बरीचशी चुकीच्या जागी आहे. धूरविरहित दारू उघड्यावर भसकन जळते. कोंडली तर मात्र बाँब. म्हणून ती लोखंडी तिजोरीत ठेवत नाहीत, मूळ डब्यातच ठेवतात. घरात अशी 20 पौंडांपर्यंत ठेवायला इथली अग्निसुरक्षा संहिता हरकत घेत नाही. मला जास्त भीती शिशाची. वापरलेल्या प्रायमरच्या काजळीत शिसं असतं आणि लहान मुलांना ते थोडंसुद्धा वाईट. मेहुण्यांना एवढं विचारा: पुंगळ्या कोरड्या घोळवता की ओल्या? कोरड्या असतील तर ती धूळ घरभर उडते. टेबलाशी चहा पिता का? तळघरातल्या चपला वर आणता का? रक्तातलं शिसं कधी तपासलंय का? मी दरवर्षी तपासतो. आणि तळघराला कुलूप असतं ना, हेही बघा. बहिणीला विचारू नका, त्यांनाच विचारा. छंदी माणसाला प्रश्न आवडतात, तो तासभर बोलेल.

पैसे? 2020 च्या आधी एक प्रायमर तीन-चार सेंटला मिळायचा, नंतर भाव दुपटीच्या वर गेले. तरी दुकानातल्या काडतुसापेक्षा घरचं स्वस्त पडतं. पण स्वस्त पडतं म्हणून माणूस दुप्पट झाडतो, आणि अकरा ट्रेंचा हिशोब कुणी मांडत नाही. माझे वाचले नाहीत.

मुलगी सात-आठ वर्षांची असताना खाली यायचा हट्ट करायची. मग धुतलेल्या, वाळलेल्या पुंगळ्यांचा डबा वर जेवणघरात आणून, वर्तमानपत्र अंथरून तिला बुडावरची कोरलेली अक्षरं वाचून वेगवेगळे ढीग करायला द्यायचो, आणि झालं की साबणाने कोपरापर्यंत हात. तिने ढिगांना नावं दिली होती. आर-पी अक्षरांचा ढीग 'राणी-परी'. माझ्या त्या डब्यावर अजून तीच चिठ्ठी आहे.