रंगावरून बाळाचं नाव ठेवताय? आधी एवढं बघा

ताई, अभिनंदन! बाळासाठी रंगांवरच्या नावांची यादी मोठी झालीय तुमची, आधी दोन-तीन नावांवर या. ऑनलाइन अर्थ तसाच उचलू नका, तिथं सगळ्यांपुढं 'तेजस्वी, सुंदर' लिहिलेलं असतं, त्यापेक्षा संस्कृत शब्दकोश उघडून नेमका रंग कुठला ते बघा. अरुण म्हणजे पहाटेचा तांबूस रंग अन् सूर्याचा सारथीपण, रोहित लाल, कपिल पिंगट, आणि अर्जुन म्हणजे चक्क पांढरा, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. आपल्या पंढरपूरचंच घ्या की, मूर्ती काळी अन् नाव पांडुरंग, म्हणजे पांढऱ्या रंगाचा! किती सुंदर आहे बघा.

दुसरी चूक, बाळाच्या कांतीवरून नाव शोधणं. गोरी म्हणून गौरी, सावळी म्हणून श्यामला, असलं अजिबात नको. श्यामला कुठल्याही पोरीला शोभतं.

आपल्या सोलापुरात शेजारी तेलुगू, कन्नड बोलणारे असतातच, त्यांना दोन-चारदा हाक मारायला सांगा, नाव कसं वळतंय ते लगेच कळतं. राशी-अक्षराचं सध्या राहू द्या. घाईपण नको, जन्माची नोंद 21 दिवसांत करायची पण नाव 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं.