रॅम्पची गाडी ठरली होती, दारात आली साधी टेम्पो ट्रॅव्हलर

प्रश्न : आम्ही राजारामपुरीत राहतो. माझे वडील, आबा, 71 वर्षांचे. उद्यमनगरात त्यांचं लेथचं वर्कशॉप होतं. चार वर्षांपूर्वी पक्षाघात झाला, डावी बाजू गेली, तेव्हापासून व्हीलचेअरवर आहेत. दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांनी तीन दिवस तारकर्लीला जायचं ठरवलं. व्हीलचेअरसकट माणूस चढेल अशी रॅम्पची गाडी आहे, असं एका ट्रॅव्हल्सवाल्यानं सांगितलं, तिचा व्हिडिओही व्हॉट्सअॅपवर पाठवला. भाडं 34,000 ठरलं, 20,000 यूपीआयनं आगाऊ दिले. पहाटे दारात आली साधी टेम्पो ट्रॅव्हलर. ड्रायव्हर म्हणाला, 'ती गाडी दुसऱ्या भाड्याला गेली, आम्ही दोघं आहे की, उचलून बसवतो.' मी तिथंच गाडीचा फोटो काढून 'असं ठरलं नव्हतं' म्हणून मालकाला मेसेज टाकला, उत्तर आलं नाही. पोरं तयार होती, हॉटेलचे पैसे भरलेले, म्हणून निघालो. फोंडा घाट उतरल्यावर चहाला थांबलो, तेव्हा खाली घेताना आबा ड्रायव्हरच्या हातून सुटले. कणकवलीत एक्स-रे काढला, खुब्याचं हाड मोडलं होतं. परत कोल्हापुरात आणून ऑपरेशन केलं, 2,85,000 खर्च आला. सहलीचा विमा होता, त्यात अपघाताच्या उपचारांना 2 लाखांपर्यंत संरक्षण होतं. फॉर्ममध्ये मी पक्षाघाताची माहिती दिली होती. तरी 'आधीपासूनचा आजार' म्हणून कंपनीनं क्लेम नाकारला. गाडीमालक म्हणतो, तुम्ही आपणहून बसला. त्याच्या पावतीवर 'अॅडव्हान्स परत मिळणार नाही' आणि 'वाद झाल्यास पुण्यात लवाद' असं छापलंय. भाऊ मला विचारतो, बसवलंसच कशाला? याला तीन महिने झाले. मी काय करू? आबांना कोर्टात उभं राहावं लागेल का?

उत्तर : ताई, आधी भावाच्या प्रश्नाचं बघू, कारण गाडीमालकाचा बचावही तोच आहे. पहाटेची वेळ, सामान बांधलेलं, हॉटेलचे पैसे भरलेले, नातवंडं दारात उभी. अशा वेळी माणूस जे करतो तेच तुम्ही केलंत. कायदा याला सहजासहजी 'संमती' म्हणत नाही. ठरलेली गाडी आणि आलेली गाडी यांतला फरक तुम्ही निघण्याआधीच फोटोसकट मालकाला कळवलात. तो मेसेज हा तुमच्याकडचा सगळ्यात मोलाचा कागद आहे. तुम्ही बदल मान्य केला नव्हता, नाइलाज म्हणून निघालात, हे त्यातून वेळेसकट दिसतं. फोन बदलू नका, चॅट पुसू नका, आणि व्हिडिओची मूळ फाईल दुसरीकडं जपून ठेवा.

भावालाही हे वाचून दाखवा. आबांना गाडीत चढवायची तयारी तुमची होती, पण रॅम्पवरून. माणसांनी उचलून चढवायचं, असं कधीच ठरलं नव्हतं.

आता तो व्हिडिओ पुन्हा बघा आणि नंबरप्लेट टिपून घ्या. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं असतील तर ती भाड्याची गाडी. पाटी पांढरी असेल तर ती खासगी गाडी आहे, आणि परमिटशिवाय ती भाड्यानं देताच येत नाही. म्हणजे जी गाडी कायद्यानं देता येत नव्हती तीच दाखवून त्यानं पैसे घेतले, असं म्हणता येईल. शिवाय गाडीत रॅम्प बसवणं हा मूळ रचनेतला बदल आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे त्याला आरटीओची मंजुरी लागते आणि तशी नोंद आरसीवर होते. दारात आलेल्या ट्रॅव्हलरचाही नंबर काढा. एमपरिवहन अॅपवर गाडीचा प्रकार आणि विम्याची मुदत दिसते, परमिटची खात्री आरटीओत होते.

पुढचं नीट वाचा, बरेच लोक इथंच अडकतात. तुमच्या तक्रारीचे दोन भाग आहेत आणि दोन्ही एकाच दारात चालतील असं नाही. पहिला भाग सेवेतल्या त्रुटीचा, म्हणजे ठरलेली गाडी न देणं, खोटं चित्र दाखवणं, अॅडव्हान्स अडकवणं. यासाठी ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली कोल्हापूरचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. दुसरा भाग आबांच्या दुखापतीचा. वाहनामुळे झालेल्या अपघाताच्या भरपाईला ग्राहक मंच हे ठिकाण नव्हे, मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्ये तिरुवल्लुवर ट्रान्सपोर्टच्या खटल्यात सांगितलं. तुम्ही हॉस्पिटलचा खर्च ग्राहक आयोगात मागितला की समोरचा वकील तोच निवाडा पुढं करील आणि वर्ष-दोन वर्षं त्या वादातच जातील.

उलट न्यायाधिकरणात गेलात तर गाडीची विमा कंपनी म्हणेल, गाडी उभी होती, हा वाहनाचा अपघात कसला? त्याचंही उत्तर आहे. 1991 मध्ये शिवाजी दयानू पाटील यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 'वाहनाचा वापर' या शब्दांचा व्यापक अर्थ लावला, उभं असलेलं वाहनही त्यात धरलं. प्रवाशाला गाडीतून उतरवणं हा वाहतुकीचाच भाग आहे, असा युक्तिवाद तुमच्या बाजूनं भक्कम आहे. भाड्याच्या प्रवासी गाडीच्या सक्तीच्या विम्यात पैसे देऊन बसलेला प्रवासीही येतो. त्यामुळं मालकाच्या खिशात काही नसलं तरी रक्कम मिळण्याची शक्यता राहते.

मात्र मुदतीकडं लक्ष द्या. न्यायाधिकरणातला अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा आहे. ही मुदत 1 एप्रिल 2022 पासून आली. तुमचे तीन महिने गेले. ग्राहक तक्रारीला दोन वर्षं आहेत. म्हणून आधी न्यायाधिकरण, मग ग्राहक आयोग. दावेदार जिथं राहतो तिथं अर्ज करता येतो, त्यामुळं घाटाखाली हेलपाटे नकोत. पुढं अपील झालंच, तर 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतंय. हे बेंच मिळावं म्हणून आमच्या पिढीनं काळ्या कोटात मोर्चे काढलेत. तुमच्यासारख्या घराला त्याचा उपयोग होतोय, याचं मला मनापासून समाधान आहे.

पोलिसांत तक्रार झालेली दिसत नाही. दावा त्यामुळं बुडत नाही, पण पुरावा पातळ होतो. म्हणून कणकवलीचे केसपेपर ताबडतोब मिळवा. तिथं पहिल्या तासाभरात तुम्ही जे सांगितलंत ते डॉक्टरांनी लिहिलेलं असणार : 'गाडीतून उतरवताना पडले.' तेव्हा कुणाच्या डोक्यात दावाही नव्हता आणि विमाही नव्हता, म्हणूनच त्या ओळीला वजन आहे. चहाच्या टपरीवाल्यानं पाहिलं असेल तर त्याचं नाव, नंबर घ्या. ड्रायव्हर आणि दुसऱ्या माणसाशी फोनवर भांडू नका.

ग्राहक आयोगातली तक्रार तुम्ही आणि आबा दोघांच्या नावानं करा. पैसे तुम्ही दिलेत, सेवा आबांसाठी घेतली होती, आणि कायद्यात सेवेचा लाभ घेणाराही ग्राहकच असतो. तुम्ही राहता तिथल्या आयोगाकडं जाण्याचा हक्क कलम 34 देतं, म्हणून पावतीवरच्या पुण्याला घाबरू नका. लवादाचं कलमही आडवं येत नाही. तसं कलम असलं तरी ग्राहकाला ग्राहक आयोगाची वाट मोकळी आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये एम्मार एमजीएफच्या प्रकरणात कायम केलं. 'अॅडव्हान्स परत मिळणार नाही' ही अट गिऱ्हाईकानं सहल रद्द केली तर लागू होईल. मालकानंच शब्द मोडल्यावर तिचा आधार त्याला कसा घेता येईल?

पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही, तक्रार ई-जागृती पोर्टलवर घरातून भरता येते. नोटीस मिळाल्यापासून समोरच्यानं 30 दिवसांत म्हणणं द्यायचं, फार तर आणखी 15. 45 दिवसांच्या पुढं सवलत नाही, असं 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलंय. तक्रारीआधी मालकाला स्पीड पोस्टानं नोटीस धाडा, भाडं आणि मनस्तापाची भरपाई मागा, 15 दिवस द्या. तडजोड करायला आला तर ऐका, पण 'पूर्ण व अंतिम' असं लिहिलेल्या कागदावर दुखापतीचा दावा सोडून सही करू नका.

आता विमा. तुमची सगळ्यात भक्कम बाजू इथं आहे असं मला वाटतं. मोडलेल्या हाडावर उपचार झालेत, पक्षाघातावर नव्हे. कंपन्या बहुधा डिस्चार्ज कार्डावरचा 'पूर्वीपासून पक्षाघात' हा शेरा उचलतात आणि नकाराचं पत्र तयार करतात. अपवादाचं कलम, म्हणजे कशाचे पैसे मिळणार नाहीत हे सांगणारी पॉलिसीतली अट, लागू होतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर असते. त्यात तुम्ही फॉर्ममध्ये आजार लिहिला होता. सर्वोच्च न्यायालयाचा मनमोहन नंदा यांचा 6 डिसेंबर 2021 चा निवाडा प्रवास विम्याचाच आहे. अमेरिकेला गेलेल्या माणसाला सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावरच त्रास सुरू झाला, पुढं अँजिओप्लास्टी करावी लागली, आणि कंपनीनं आधीपासूनच्या आजाराचं कारण देऊन पैसे नाकारले. त्यांनी मधुमेहाची माहिती दिलेली होती. सगळं माहीत असून पॉलिसी दिल्यावर त्याच आजाराच्या नावानं क्लेम फेटाळणं न्यायालयानं बेकायदा ठरवलं.

एक कच्चा दुवाही सांगतो. कंपनी म्हणू शकेल की चार वर्षं चालणं नाही, हाडं ठिसूळ झाली, म्हणून मोडली. याला उत्तर तुमच्या सर्जनकडं आहे. फ्रॅक्चर पडल्यामुळंच झालं, असं त्यांच्याकडून एक्स-रेच्या आधारानं लेखी घ्या. हा मुद्दा कंपनीच्या नकारपत्रात नसेल तर फारच चांगलं. पत्रात न दिलेलं कारण कंपनीला पुढं नव्यानं काढता येत नाही.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा नकारच आला तर पुण्याच्या विमा लोकपालाकडं जा. फी नाही, वकील नको, 50 लाखांपर्यंतची प्रकरणं तिथं चालतात आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. मुदत कंपनीच्या नकारापासून एक वर्ष. मात्र हाच वाद आयोगात किंवा कोर्टात नेलात तर लोकपालाचं दार बंद होतं, म्हणून गाडीमालकाच्या ग्राहक तक्रारीत विमा कंपनीला ओढू नका. लोकपालाचा निकाल पटला नाही तर आयोग आहेच. मूळ बिलं कंपनीकडं जातील, तेव्हा सगळ्यांच्या साक्षांकित प्रती आधी काढून ठेवा, आणि विम्यातून जे मिळेल ते न्यायाधिकरणाला स्वतःहून सांगा. लपवलेली रक्कम उघड झाली की खऱ्या दाव्यावरचाही विश्वास उडतो.

दिव्यांग हक्क कायदा 2016 तुमच्या बाजूचा आहे आणि पुण्यातल्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडं तक्रारही करता येते. पण तिथून पैसे मिळतील अशी आशा धरू नका, त्यांचा अधिकार मुख्यतः शिफारशीचा आहे. आबांचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर काढून घ्या, ते कामी येईल.

पुन्हा कधी निघालात, आणि निघावंच असं मला वाटतं, तर गाडी ठरवताना गाडीचा नंबर, रॅम्पची रुंदी, खुर्ची जमिनीला बांधायचे पट्टे आहेत की नाहीत आणि 'हीच गाडी न आल्यास संपूर्ण रक्कम परत' एवढं मेसेजवर लिहून घ्या. आदल्या दिवशी खुर्ची नेऊन चढवून बघा. आणि सहल रद्द होण्याच्या विम्यात मृत्यू, आजारपण, पूर यांसारखी ठरावीक कारणंच असतात. गाडीवाल्यानं शब्द मोडला तर त्यातून सहसा काही मिळत नाही, म्हणून आगाऊ रक्कम कमीत कमी द्या.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. ग्राहक आयोगात तक्रार शपथपत्रावर चालते, आबांना तिथं उभं राहावं लागणार नाही, आणि गरज पडलीच तर व्हिडिओ कॉन्फरन्सनं सुनावणी मागता येते. न्यायाधिकरणात मुख्य साक्ष शपथपत्रावर होईल. उलटतपासणीला ते लागले तर घरी येऊन साक्ष नोंदवणारा कोर्ट कमिशनर नेमण्याचा अर्ज आपण करू. सहीला हात चालत नसेल तर अंगठा चालतो. शपथपत्र त्यांना मराठीत वाचून दाखवा, आणि पडल्याचा प्रसंग तुमच्या नव्हे, त्यांच्या शब्दांत लिहून घ्या.