बॉनहॅम 'भोंदू' कसा? आणि 'क्वॅक'मधलं तूप

प्रश्न : सतराव्या शतकातल्या बॉनहॅम खटल्यावरच्या एका मराठी लेखात डॉ. बॉनहॅमला 'भोंदू वैद्य' म्हटलंय. इंग्रजी 'क्वॅक'ला (म्हणजे खोट्या वैद्याला) हा शब्द चालेल का?

उत्तर : बॉनहॅमला तरी मुळीच नाही! टॉमस बॉनहॅम केंब्रिजचा एम.डी. होता. लंडनमध्ये वैद्यकीचे परवाने देणाऱ्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने १६०६ मध्ये परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल त्याला आधी पाच पौंड, मग दहा पौंड दंड ठोठावला आणि शेवटी तुरुंगात घातलं. १६१० मध्ये न्यायमूर्ती कोक यांनी बॉनहॅमच्या बाजूने कौल दिला. कारण दंडातला निम्मा वाटा कॉलेजलाच मिळायचा. मग वादी तेच आणि न्यायाधीशही तेच कसे? भोंदू म्हणजे सोंग आणून लुबाडणारा. परवाना नसणं वेगळं, भोंदूगिरी वेगळी. बातम्यांत आणि अनुवादांत रोज हा घोळ वाचून संताप येतो. इंग्लंडच्या १५४२-४३ च्या कायद्याने तर झाडपाल्याची जाण असलेल्या कुणालाही गळवांवर, सुजेवर लेप-मलम लावायची आणि मुतखड्यावर, हिवतापावर काढे द्यायची मुभा दिली होती.

आता मलमाकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. 'क्वॅक' हे डच 'क्वाकझाल्व्हर'चं तुटकं रूप. 'क्विकसिल्व्हर' म्हणजे पारा, त्यावरून हा शब्द आला असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी एकदा डच कोश उघडावा. 'क्वाक' म्हणजे बडबड, बढाई. 'झाल्फ' म्हणजे मलम. आपल्या मलमाची बाजारात ओरडून बढाई मारणारा तो क्वाकझाल्व्हर. हे 'झाल्फ', इंग्रजी 'साल्व्ह' आणि आपलं संस्कृत 'सर्पिस्' एकाच मुळातले! सर्पिस् म्हणजे तूप. अमरकोशात 'घृतमाज्यं हविः सर्पिः' असं ते तुपाच्या नावांत बसलंय. तिकडचा ल, इकडचा र. आणि 'पितृ'चा जसा 'फादर', तसा इथल्या प-चा तिकडे फ. जखमेवर तूप लावणाऱ्या आपल्या आज्या आणि लंडनच्या रस्त्यावर मलम विकणारा क्वॅक, दोघांच्याही बोटांना एकाच शब्दाचा ओशटपणा आहे. मला तर या शब्दात औषधाची निंदा दिसतच नाही; निंदा आहे ती ओरडण्याची.

बॉनहॅमपुढे 'बिनपरवाना वैद्य' लिहा.