तंतू कोणते ते राहू दे, गोळ्याकडे बघ

प्रश्न : सर, मी दारव्हा तालुक्यातला, वय २१. पोलीस भरतीची तयारी चालू आहे. १६०० मीटरमध्ये मी गावात पुढे असतो, पण गोळा काही लांब जात नाही. जिममधले दादा म्हणतात, तुझे स्नायू संथ तंतूंचे, म्हणजे हळू ओढणाऱ्या पण उशिरा दमणाऱ्या धाग्यांचे, जड वजन तुला मानवणार नाही, हलक्या वजनाचे वीस-पंचवीस रेप्सच (एका दमात उचल-खाली) मार. थुंकीची जनुकीय चाचणीही करून घे म्हणतात. करू का?

उत्तर : चाचणी करू नकोस बाळा. ते पैसे दूध-अंड्यांना लाव. अशा चाचणीत बहुधा एसीटीएन-३ नावाचं जनुक बघतात. झटक्यात जोर लावणाऱ्या जलद तंतूंतलं एक प्रथिन त्यावर अवलंबून असतं. पण ते प्रथिन अजिबात नसलेली कोट्यवधी धडधाकट माणसं जगात आहेत, आणि जोर वाढवायला सराव कसा करावा हे त्यावरून ठरत नाही.

तंतू खरोखर मोजायचे तर मांडीत सुई घालून स्नायूचा तुकडा काढावा लागतो. तोही त्याच जागेचं सांगतो. पोटरीच्या आतला, उभं राहायला लागणारा स्नायू बहुतेकांचा संथ तंतूंचाच असतो; दंडाचं गणित वेगळं. मग आख्खा माणूस 'संथ' कसा ठरेल? तू १६०० मीटर छान पळतोस त्यात तुझ्या हृदयाचा, फुफ्फुसांचा आणि रोजच्या सरावाचा मोठा वाटा आहे.

आता मुख्य गोष्ट. कुठलंही काम करताना शरीर आधी लहान, चिवट, म्हणजे संथ तंतू जुंपतं. ओझं वाढलं की मग मोठे, जलद तंतू. हा क्रम तुझा-माझा सारखाच. समज, तुझे जलद तंतू कमी आहेत. तरी त्यांना पहिल्या रेपपासून उठवायला जड वजन नाहीतर जोराचा झटकाच हवा. हलक्या वजनाने दमेपर्यंत केलं तर स्नायू भरतो, हे खरं. पण जड उचलण्याची ताकद जड उचलूनच जास्त वाढते. ७.२६ किलोचा गोळा एका झटक्यात जातो, तिथे पंचविसावा रेप कुठून येणार?

आमच्याकडची बरीच पोरं गोळा नुसत्या हाताने ढकलतात. कोपर खाली पडतं, गोळा मानेपासून सुटतो आणि मागचा पाय तसाच उभा. जोर त्या मागच्या पायातून कमरेत, तिथून खांद्यात यायला हवा. हे कुणाकडून तरी समोर उभं राहून तपासून घे.

आठवड्यातून दोन दिवस स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बैठक), डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं) आणि खांद्यावरून वर ढकलायचं वजन. पहिला महिना आठ-दहा रेप्स, ढब बसेपर्यंत. मग चार ते सहा रेप्सचे तीन-चार सेट, मध्ये दोन-तीन मिनिटं विश्रांती. शेवटचा रेप जड जावा, पण पाठ वाकता कामा नये. त्याआधी, ताजा असताना, जागेवरून लांब उड्या आणि गोळ्याच्या थोड्या फेकी. लांब पळणं दुसऱ्या दिवशी ठेव, सोडू मात्र नकोस. १६०० मीटरचे गुण तुझ्या हातातले आहेत. शेतात डवरणीच्या नाहीतर पोती उचलण्याच्या दिवशी जिमला सुट्टी दे, कंबर एकच आहे. फेकीचं अंतर वहीत लिहीत जा. दोन महिने अंतर हललं नाही तर आधी ढब तपास, मग वजनाचं बघू.