पैसे आपले, रिमोट केबलवाल्याचा?

प्रश्न : आम्हाला बघायचे असतात चार मराठी चॅनल आणि बातम्या, पण केबलवाला म्हणतो पूर्ण पॅकच घ्या, सुटे देत नाही. वर सेटटॉप बॉक्सवरून पेनड्राइव्हवर रेकॉर्ड केलेली मालिका लॅपटॉपवर उघडतच नाही. आमच्या पैशाचं हे काय चाललंय?

उत्तर : पहिलं म्हणजे तो सरळ थाप मारतोय. 2019 पासून ट्रायचा (टीव्ही सेवांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी नियामकाचा) नियमच आहे की पे चॅनल, म्हणजे पैसे भरून बघायचं चॅनल, सुटं मागितलं तर द्यायलाच लागतं, पॅक गळ्यात मारता येत नाही. त्यामुळे यादी लेखी द्या, नाही ऐकलं तर कंपनीच्या तक्रार कक्षात नोंदवून डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्या. पण बिल लगेच उतरेल असं समजू नका हं, कारण नेटवर्क शुल्क, म्हणजे चॅनल घरापर्यंत पोचवण्याचे पैसे, वेगळं लागतं, आधी त्याला 130 रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा होती, 2024 मध्ये ट्रायने तीही काढून टाकली (ग्राहकाचं भलं म्हणे!).

रेकॉर्डिंगचं म्हणाल तर ती फाइल कुलूपबंद असते, बहुतेक वेळा त्याच बॉक्सवर चालते, बॉक्स बदलला की गेलं सगळं. कुलूप तोडायच्या भानगडीत पडू नका, 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात, हक्कभंगाच्या हेतूने ते केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आहे. नुसतं सह्याद्री आणि बातम्याच हव्या असतील तर डीडी फ्री डिश (दूरदर्शनची मोफत डिश सेवा) लावा, दरमहा भाडं शून्य.