सोडून दिलेली गाभण कुत्री दारात आली आहे, पाऊस तोंडावर आहे, काय करू?

घ्या घरात. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

तुम्ही लिहिलंय की गळ्यात पट्टा असलेली एक कुत्री चार दिवस तुमच्या पडवीत येऊन बसते, पोट खाली आलंय, घरचे म्हणतात हाकलून दे, आणि बाळंतपण कसं करायचं याची तुम्हाला धास्ती आहे. धास्ती चुकीच्या गोष्टीची आहे. बाळंतपण तिला येतं. तुमचं काम त्यानंतर सुरू होतं आणि साधारण तीन महिने चालतं. माझं काय झालं ते सांगते, म्हणजे कुठे किती जीव टांगायचा ते कळेल.

आम्ही दापोली तालुक्यात, हर्णैच्या अलीकडे राहतो. थोडी कलमं, थोडी सुपारी, एक गाय, आणि पर्यटकांसाठी दोन खोल्या. 2024 च्या मे महिन्यात, शेवटच्या गर्दीचा शनिवार-रविवार उलटल्यावर, रस्त्याच्या वळणावर एक तांबूस कुत्री दिसायला लागली. लाल पट्टा, अंग धुतलेलं. मोटारीचा आवाज आला की उठायची, गाडी निघून गेली की परत बसायची. आमच्या ह्यांनी सहज ‘सिट’ म्हटलं तर लगेच बसली आणि पंजा पुढे केला. गावचं कुत्रं पंजा देत नाही हो. कोणीतरी समुद्रावर सहलीला आणून सोडलेली. (असं सोडून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. आमच्या खोलीवर चहा-पोहे त्याहून महाग आहेत.)

पट्टा धरून ओढत आणू नका. गाभण कुत्री घाबरली की चावते. मी रोज एकाच वेळी, एकाच टोपात भात आणि उकडलेली अंडी ठेवून लांब बसायचे. पाचव्या दिवशी ती माझ्यामागून खळ्यात आली. दात लागलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात इंजेक्शन घ्या. तिच्या गळ्यात पट्टा आहे म्हणजे तिला लस टोचलेली आहे असं नव्हे.

सासूबाईंनी लांबूनच बघितलं आणि म्हणाल्या, “गो, हिचे दिवस भरत आलेत, पावणीला जागा कर.” तेव्हापासून तिचं नाव पावणी. सासूबाईंनी आयुष्यभर गाई-म्हशींची वेतं काढलेली, त्यांचा शब्द मी खाली पडू देत नाही. फक्त अळिवाची खीर आणि डिंकाचा लाडू मात्र मी आडवला. बाळंतिणीला द्यायचं म्हणून त्या ताटली घेऊन निघाल्याच होत्या.

कुत्रीचे दिवस साधारण 63. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पोट चाचपून ‘अजून दोन-तीन आठवडे’ सांगितलं आणि गाभणीला चालेल असं जंताचं औषध दिलं. ते मनानं देऊ नका, वजनावर असतं. गोचीड मात्र हातानं काढा आणि रॉकेलमध्ये टाका. गोठ्यात मारायचं औषध असतं ना, ते हिच्या अंगावर अजिबात नको. पिल्लं तेच अंग चाटत, चोखत असतात. खाणं शेवटच्या तीन आठवड्यांत दीडपट, पिल्लं प्यायला लागली की दुप्पट-तिप्पट. आम्ही मऊ भात, अंडी, कोंबडीचे स्वस्त तुकडे आणि बंदरावरून आणलेली माशांची डोकी शिजवून, काटे काढून देत होतो. खारवलेली सुकी मासळी नको, कांदा-लसूण घातलेलं आपलं कालवण तर नकोच.

जागा कोरडी हवी, आणि आपल्याकडे जूनमध्ये कोरडी जागा शोधणं हेच मोठं काम. मी पडवीचा आतला कोपरा घेतला. हापूसच्या रिकाम्या पेट्यांच्या फळ्या काढून ह्यांनी हातभर उंचीचं कुंपण केलं, खाली पाट टाकून जमिनीपासून चार बोटं उचललं. आधी पेंढा घातला होता, तो दोन दिवसांत ओलसर होऊन वास मारायला लागला. मग वर्तमानपत्रं आणि त्यावर जुन्या सुती साड्या, रोज बदलायच्या. बाजूंनी फळी थोडी आत घ्या, नाहीतर आई कडेला टेकली की पिल्लू चेंगरतं. आणि रात्री दार बंद. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात, आणि त्याला कुत्रं फार आवडतं.

वेळ जवळ आली हे कळायचा एकच खात्रीचा उपाय मला सापडला, तो म्हणजे थर्मामीटर. कुत्रीचं अंग एरवी 101-102 असतं. व्यायच्या आधी साधारण दिवसभर ते 99 च्या खाली उतरतं. शेपटीखालून, व्हॅसलीन लावून, सकाळ-संध्याकाळ. पावणीचं वटपौर्णिमेच्या सकाळी 98.6 भरलं. मी वडाला फेऱ्या मारून आले तेव्हा ती साड्या फाडत होती.

रात्री दहा ते पहाटे चार, सात पिल्लं. यातलं मी काय केलं? कंदील धरला. लाईट अर्थातच गेले होते. ती प्रत्येक पिशवी फाडत होती, नाळ तोडत होती, वार खात होती. हे बघवत नाही, पण करू द्यावं. वारी तेवढ्या मोजा, एखादी आत राहिली तर पुढे ताप येतो. पाचवं पिल्लू मेलेलंच आलं. ते तिनं बराच वेळ चाटलं, मग मी उचललं. डॉक्टरांना हाक कधी मारायची ते पाठ करून ठेवा. अर्धा तास जोरात कळा देऊनही काही येत नसेल तर, आत पिल्लं असताना दोन तासांवर खंड पडला तर, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवट स्राव दिसला तर. 1962 हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा टोल फ्री नंबर आहे, तो भिंतीवर लिहा.

आता माझी चूक. सहांतलं सगळ्यात छोटं पिल्लू ढकललं जायचं, त्याला सड मिळायचा नाही. मी काय करायला हवं होतं तर दर दोन तासांनी बाकीच्यांना बाजूला करून त्याला मागच्या सडाला लावायचं, तिथे दूध जास्त असतं. पहिल्या दिवसाचं चिकाचं दूध तर पोटात जायलाच हवं. मी मात्र आईपण दाखवायला गेले. पाचव्या दिवशी त्याला तान्ह्या बाळासारखं मांडीवर उताणं घेतलं आणि ड्रॉपरनं गाईचं दूध घातलं. नाकातून फेस आला. दूध छातीत गेलं होतं. संध्याकाळपर्यंत गेलं ते. पिल्लू नेहमी पालथं, चार पायांवर असल्यासारखं धरायचं, मान किंचित वर, आणि त्यानं चोखलं तरच द्यायचं. आधी ऊब, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचतच नाही. आणि गाईचं दूध कुत्रीच्या दुधापुढे पाणी. पिल्लांची दूध पावडर मिळते, आम्ही ती पुढे चिपळूणहून एसटीच्या पार्सलनं मागवली. हे सगळं मला ते गेल्यावर कळलं.

ऊब म्हणजे काय तर पहिले दोन-तीन आठवडे त्यांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. लाईट असतील तेव्हा बल्ब, नसतील तेव्हा गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून एका बाजूला, म्हणजे उकडलं तर सरकता येतं. पिल्लं ढिगानं गप्प झोपली असतील तर सगळं ठीक. सारखी कुंईकुंई करत वळवळत असतील तर गारठलीत नाहीतर उपाशी आहेत. शू-शीदेखील आई चाटल्याशिवाय होत नाही. मी रोज सकाळी भाजीच्या काट्यावर वजनं घेत होते. दोन दिवस वजन वाढलं नाही की समजायचं काहीतरी बिनसलं. डोळे दहा ते चौदा दिवसांत उघडतात, ओढून उघडायला जाऊ नका.

तिसऱ्या आठवड्यात मला वाटलं सुटलो. त्याच रात्री पावणी धापा टाकायला लागली, पाय काठीसारखे ताठ, अंग थडथडतंय, पिल्लांकडे बघेना. मला वाटलं कोणीतरी विष घातलं. सासूबाई म्हणाल्या, “गायीचं होतं तसं झालंय, दूध ओढून घेतंय तिला.” बरोबर निघालं. दुधावाटे रक्तातलं कॅल्शियम खाली येतं. गाय त्यात गार पडून आडवी होते, कुत्री उलट ताठते आणि तापते, एवढाच फरक. ह्यांनी रात्री साडेअकराला पावसात गाडी काढली. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम हळूहळू सोडलं, छातीवर नळी ठेवून ठोके ऐकत. वीस मिनिटांत ती उठून उभी राहिली. हे सकाळी बघू म्हणण्यासारखं दुखणं नाही. गंमत अशी की गाभणपणात मनानं कॅल्शियम पाजलं तर हा धोका वाढतो. शरीर स्वतःच्या हाडांतून ते काढायची सवय विसरतं. म्हणून शेजारीपाजारी ‘टॉनिक दे’ म्हणाले तरी थांबा.

त्या रात्रीनंतर एक दिवस पिल्लं तिच्यापासून वेगळी ठेवली आणि पावडरचं दूध ताटलीत दिलं. तीन आठवड्यांची पिल्लं लपलप करत पितात, अंगाखाली निम्मं सांडतात. मग हळूहळू मऊ भात, कुस्करलेलं अंडं. इथून पुढे खरा गोंधळ. पाच पिल्लं म्हणजे पाच तोंडं आणि पंचवीस ठिकाणी घाण. चपला, छत्र्या, ह्यांचा रेनकोट, सगळ्याला दात लागले. जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, डॉक्टरांनी वजन बघून दिलेलं. सहा आठवड्यांना पहिली लस, पुढे तीन-चार आठवड्यांनी परत, तीन महिने भरले की रेबीजची. पहिल्या लशी पुऱ्या होईपर्यंत पिल्लांना रस्त्यावर सोडू नका आणि दुसऱ्या कुत्र्यांत वावरलेल्या माणसांना पाय धुतल्याशिवाय आत घेऊ नका. पार्वो हा पिल्लांचा जीवघेणा आजार, त्याचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने राहतो. पिल्लाला उलट्या आणि रक्ताचं शौच झालं तर तास मोजावे लागतात.

घरं शोधायला पिल्लं व्हायच्या आधीपासून लागा. मी उशीर केला, पण गणपतींनी वाचवलं. त्या वर्षी चतुर्थी 7 सप्टेंबरला होती, पिल्लं अकरा आठवड्यांची, गुटगुटीत, आणि गाव चाकरमान्यांनी भरलेलं. आरतीला आलेला प्रत्येक जण आमच्या पडवीत दहा मिनिटं बसून गेला. आठ आठवड्यांच्या आत मात्र कोणालाही देऊ नका, कितीही नातेवाईक असोत. आणि जो येतो तो “कुत्रा आहे ना? कुत्री नको” म्हणतो. पाचांत तीन माद्या. दोन नर आरतीच्या पहिल्याच दिवशी ठरले. माद्यांसाठी मी सांगितलं, नसबंदीच्या ऑपरेशनचा खर्च माझा, फक्त तारीख तुम्ही पाळा. एक ठाण्याला गेली, एक पालगडला, एक राहिली. नेणाऱ्याच्या हातात लशींचं कार्ड आणि पुढच्या रेबीजची तारीख दिली, फोन नंबर घेतले, आणि अजून फोन करून त्रास देते.

उरलीसुरली समुद्रावर सोडा, मासळीवर जगतील, असंही एका शहाण्यानं सुचवलं. आमच्या पलीकडे आंजर्ल्याला आणि वेळासला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. भटकी कुत्री ती घरटी उकरतात. वेळासला 2002 पासून माणसं रात्री किनारा फिरून तीच अंडी वाचवतायत, आणि मी तिथे कुत्री नेऊन सोडू?

आईचं ऑपरेशन विसरू नका, हे मी दोनदा लिहिलं असतं. कुत्री साधारण सहा-सात महिन्यांनी परत माजावर येते. पावणी गाभण राहिली एप्रिलच्या विशीत, म्हणजे ऑक्टोबरपासून धोका. दूध आटल्यावर, सप्टेंबरअखेर, नवरात्र बसायच्या आत उरकून घेतलं. प्राणी जन्म नियंत्रणाच्या 2023 च्या नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीची जबाबदारी ग्रामपंचायतीवरही येते, तेव्हा अर्ज जरूर द्या. पण पैसे स्वतःचे बाजूला काढून ठेवा.

तुमच्या घरच्यांबद्दल. आमचे हे पहिले पंधरा दिवस तिच्याशी बोलत नव्हते. आता सकाळचा पहिला बिस्किटाचा तुकडा कोणाला मिळतो ते विचारू नका.

तुम्ही आज एवढंच करा. तिचे सड दाबून नाही, नुसते बघा. भरलेले आणि लोंबते असतील तर हातात थोडेच दिवस आहेत. कोपरा कोरडा करा, डॉक्टरांचा नंबर घ्या, थर्मामीटर आणा. आणि त्या थर्मामीटरवर मोठ्या अक्षरांत ‘कुत्रीचा’ असं लिहून ठेवा. आमच्याकडे लिहिलं नव्हतं, आणि श्रावणात ह्यांना ताप आला.