तापात झटका आला, आता पुढे मिरगी होणार का?

तू लिहिलंयस की मुलगी पावणेदोन वर्षांची आहे, चौदाव्या महिन्यात तापात पहिला झटका आला आणि मागच्या आठवड्यात दुसरा, दोन्ही वेळी दीड-दोन मिनिटं, सगळं अंग कडक, डोळे वर, मग झोपली आणि उठून नेहमीसारखी खेळायला लागली. त्यात तुझी आई आत्ता सांगतेय की तुलाही लहानपणी असंच व्हायचं, आणि सासूबाई म्हणतात हिला मिरगी होणार, म्हणून तू रात्री तीनला उठून तिच्या काखेत थर्मामीटर लावतेस.

अगं, किती दिवस झाले तू धड झोपलेली नाहीस?

सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात झटका येतो. मिरगीत ताप नसतानाही परत परत येतात. तुझ्या मुलीसारखे छोटे, सगळ्या अंगाला येणारे आणि दिवसात एकदाच आलेले झटके असतील तर पुढे मिरगी होण्याची शक्यता शंभरात एक-दोन, आणि झटका कधीच न आलेल्या मुलांमध्येही ती शंभरात अर्धा ते एक असतेच. धोका किंचित जास्त आहे, ते मी लपवणार नाही, पण सासूबाई म्हणतात तसं अजिबात नाही. झटका 15 मिनिटांच्या वर चालला, एकाच बाजूला आला, 24 तासांत परत आला, मुलाची वाढ आधीपासून मागे असली किंवा घरात कुणाला मिरगी असली तर धोका वाढतो. तुला लहानपणी झटके यायचे त्याने तिला तापात परत येण्याची शक्यता वाढते, पण तू तिला मिरगी दिलीस असं मनातसुद्धा आणू नकोस.

आणि ते थर्मामीटर. तापाचं औषध तिला बरं वाटावं म्हणून दे, त्याने झटका टळेलच असं नाही, कित्येकदा ताप आहे हे कळायच्या आधीच झटका येतो. म्हणजे तू झोपलीस म्हणून तो आला नव्हता गं.

परत आला तर कुशीवर वळव, तोंडात काही घालू नकोस, बोटसुद्धा नाही, आणि घड्याळ बघ कारण घाबरलेल्या माणसाला एक मिनिटही दहा वाटतं. पाच मिनिटांत थांबला नाही तर थेट हॉस्पिटल. थांबला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव, आणि मान ताठ वाटली किंवा ती नीट शुद्धीवर आली नाही तर लगेच निघ. ताप नसताना कधी झटका आला तर मात्र सगळं नव्याने तपासावं लागेल, जमलं तर कुणाला तरी मोबाईलवर शूट करायला सांग, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

आज रात्री नवऱ्याला तिच्याजवळ झोपू दे आणि तू दुसऱ्या खोलीत झोप.